सायंटिफिक कॅल्क्युलेटर : गणितात निःशंकपणे, प्रयोगशाळेत जपून

अपूर्णांक आणि वर्गमुळे पुस्तकात छापतात तशीच पडद्यावर दाखवणारा, दहा अंकी सायंटिफिक कॅल्क्युलेटर मी गणित आणि भौतिकशास्त्र या दोन्हींसाठी नियमित वापरतो. दोन संख्या एकच आहेत की वेगळ्या, हे सांगताना त्याच्यावर कितपत विसंबावे, एवढ्याच कसोटीवर हे परीक्षण आहे.

गणिताच्या बाजूने तक्रारीला जागा नाही. २.५० लिहून बरोबरचे बटण दाबले की ५/२ येतात, √८ चे २√२ होतात आणि √२ ला √२ ने गुणले की नेमके २ मिळतात. ०.१ आणि ०.२ यांच्या बेरजेतून ०.३ वजा केल्यास शून्यच उरते. संगणकाच्या अनेक भाषांत मात्र, संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत, साठवल्या जात असल्यामुळे, याच बेरजेत सतराव्या दशांश स्थळी ४ हा अंक डोकावतो. समीकरण पडताळून पाहण्याची सोय तर मला विशेष आवडते. ४√९ = √१४४ खरे, π = २२/७ खोटे, असा निकाल ती ताबडतोब देते आणि गणितात तोच योग्य आहे.

अडचण मोजमापापासून सुरू होते. २.५ सेमी म्हणजे खरी लांबी २.४५ ते २.५५ च्या दरम्यान, तर २.५० सेमी म्हणजे २.४९५ ते २.५०५ च्या दरम्यान, असा प्रयोगशाळेतला संकेत आहे. शेवटचे शून्य तेथे दहापट बारकाईची ग्वाही देते आणि हे यंत्र नेमके तेच गाळून टाकते. सार्थक अंक, म्हणजे मोजमापातले भरवशाचे अंक, ठरवून देण्याची सेटिंग आहे, पण किती अंक ठेवायचे हे आपणच ठरवायचे.

समजा, लंबकाच्या दोन प्रयोगांतून गुरुत्व त्वरण ९.७९ ± ०.०२ आणि ९.८२ ± ०.०२ मी/से² असे मिळाले. पडताळणीत या दोन संख्या सरळ वेगळ्या ठरतील. प्रत्यक्षात त्यांतला फरक ०.०३ आहे आणि दोन्ही अनिश्चिततांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे ०.०२८ येते, म्हणजे फरक जवळजवळ तेवढाच असल्यामुळे ही मूल्ये वेगळी मानायला आधार नाही. विज्ञानातला हा मूलभूत निर्णय घेण्यासाठी यंत्रात एकही बटण नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण शिकणाऱ्याच्या हातात बहुधा हेच एक साधन असते.

दशांश स्थळे ठरवून दिली तरी आतले अंक शाबूत राहतात, ही चांगली बाब आहे: दोन स्थळे ठेवून १ ÷ ३ केल्यास ०.३३ दिसते, पण त्याला ३ ने गुणले की १.०० येतात.

यंत्रात आधीच भरलेल्या भौतिक स्थिरांकांच्या यादीबाबत मात्र सावध राहावे. प्रकाशाचा वेग २९९७९२४५८ मी/से हा १९८३ पासून व्याख्येनेच अचूक आहे, तर गुरुत्व स्थिरांक मोजून काढलेला असल्यामुळे त्याच्या शेवटच्या अंकांत अनिश्चितता आहे. पडद्यावर दोन्ही सारख्याच ठामपणे उमटतात. पुंजभौतिकीतल्या प्लांकच्या स्थिरांकाचे मूल्यही २०१९ मध्ये व्याख्येनेच निश्चित करण्यात आले, त्यामुळे त्यापूर्वीची मूल्ये भरलेल्या यंत्रात त्याचे शेवटचे अंक वेगळे दिसतात. खरेदी करताना स्थिरांकांची मूल्ये कोणत्या वर्षाची आहेत, हे माहितीपुस्तिकेत अवश्य पाहून घ्यावे.