लिनिएज की ग्राफीन? फोनवर कुठली ओएस टाकू

भाचा दोन दिवस मागे लागलाय, मामा कुठली टाकू. लिनिएज आणि ग्राफीन म्हणजे फोनमधल्या कंपनीच्या ओएसच्या (फोन चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) जागी टाकता येणाऱ्या, अँड्रॉइडवरच बनवलेल्या दोन ओएस. त्याच्याकडे जुना रेडमी (शाओमीचा) आहे आणि सेकंडहँड पिक्सेल (गुगलचा फोन) घ्यायचा विचार चाललाय.

खर्चाचं बघायचं तर लिनिएज जिंकते, घरातल्याच फोनवर चालते (मॉडेल त्यांच्या यादीत आहे का ते आधी बघ), ग्राफीनला पिक्सेलच लागतो. आणि अमेरिकेतून आणलेला कॅरियर लॉकवाला (तिथल्या सिम कंपनीला बांधलेला) घेतलास तर बूटलोडर (फोन सुरू होताना ओएस चालू करणारा भाग, तो उघडल्याशिवाय दुसरी ओएस टाकता येत नाही) उघडतच नाही, बस बोंबलत.

टाकायला ग्राफीन सोपी, केबल लावायची, ब्राउझरमधूनच होतं, शेवटी बूटलोडर परत लॉक. लिनिएजला रिकव्हरी (ओएस टाकायला लागणारा फोनमधला वेगळा छोटा प्रोग्राम), कॉम्प्युटरवरून कमांडा, शिवाय शाओमीची अनलॉकची परवानगी मिळेपर्यंत थांबा, आणि नंतर बूटलोडर बहुतेक उघडाच राहतो. दोन्हीकडे अनलॉक करताना सगळा डेटा उडतो, माझे गावच्या जत्रेचे फोटो असेच गेले.

बँकेच्या ॲपचा भरवसा दोन्हीत नाही, पण ग्राफीनवर गुगल प्ले साध्या ॲपसारखं टाकता येतं म्हणून बरीच चालतात.

टिकायचं म्हणशील तर पिक्सेल ८ पासून पुढे ७ वर्षं अपडेट. लिनिएजचं सगळं त्या मॉडेलचं काम बघणाऱ्यावर, तो थांबला की संपलं.

तर जुन्या फोनमध्ये जीव आणायचाय, हात काळे करायची हौस आहे तर लिनिएज. रोजचा मेन फोन, प्रायव्हसी हवी, पैसे आहेत तर ग्राफीन.