डिझेल ट्रकचा बायपास ऑइल फिल्टर: जाड एलिमेंटचा घ्यावा की सेंट्रिफ्यूज?

ट्रकच्या इंजिनावर मुळातच बसवलेला फुल-फ्लो फिल्टर बेअरिंगकडे जाणारे सगळे ऑइल गाळतो, आणि त्याची मर्यादाही तिथेच आहे. एवढा मोठा प्रवाह अडू द्यायचा नसेल तर एलिमेंटची, म्हणजे आतल्या गाळणीची, छिद्रे फार बारीक ठेवता येत नाहीत. त्यामुळे साधारण 20 ते 40 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण तो भरवशाने धरतो आणि त्याखालचे बरेचसे सोडून देतो. चालत्या बेअरिंगमधला ऑइलचा थर मात्र काही मायक्रॉनचाच असतो, म्हणून जे कण या फिल्टरमधून निसटतात त्यांतलेच बरेच कण धातूला जास्त घासतात. ही उणीव भरून काढण्यासाठी बायपास फिल्टर असतो.

तो ऑइल गॅलरीतून (इंजिनातल्या दाबाच्या ऑइलच्या मुख्य वाटेतून), एका बारीक ठरावीक छिद्रातून, प्रवाहाचा साधारण 5 ते 10 टक्के भाग घेतो, सावकाश गाळतो आणि बेअरिंगकडे न पाठवता थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, परत सोडतो. चेंबरमध्ये 40 लिटर ऑइल आणि बायपासचा प्रवाह मिनिटाला 4 लिटर असेल, तर 10 मिनिटांत 40 लिटर ऑइल फिल्टरमधून गेलेले असते; पण गाळलेले ऑइल न गाळलेल्यात मिसळत राहत असल्याने त्या वेळात सुमारे 63 टक्के ऑइलच एकदा तरी गाळून निघते, आणि 95 टक्क्यांपर्यंत पोचायला अर्धा तास लागतो. लांब पल्ल्याच्या ट्रकला याने काही अडत नाही.

जाड एलिमेंटचा फिल्टर सेल्युलोज किंवा तत्सम तंतूंच्या दाट थरात दोन-तीन मायक्रॉनपर्यंतचे कण अडवतो आणि थोडे पाणीही शोषून घेतो. खरेदी करताना नुसता मायक्रॉनचा आकडा पुरेसा नाही, सोबत बीटा गुणोत्तर (फिल्टरच्या आधीचे कण भागिले नंतरचे कण) विचारावे: 3 मायक्रॉनला बीटा 2 म्हणजे तेवढ्या किंवा त्याहून मोठ्या कणांपैकी निम्मेच अडतात, तर बीटा 75 म्हणजे 98.7 टक्के अडतात. या प्रकाराचा खरा दोष असा की एलिमेंट तुंबले तरी इंजिनाला त्याची कसलीच जाणीव होत नाही, कारण मुख्य प्रवाह वेगळ्या वाटेने चालूच असतो. इंजिन पूर्ण तापल्यावरही फिल्टरचे भांडे त्या मानाने थंड लागत असेल, तर त्यातून ऑइल वाहणे थांबले आहे असे समजावे.

सेंट्रिफ्यूजमध्ये गाळणारा थरच नसतो. ऑइलच्या दाबाने रोटरच्या तळाच्या तोट्यांतून फवारे सुटतात, त्यांच्या जोरावर रोटर मिनिटाला हजारो फेरे घेतो आणि ऑइलपेक्षा जड असलेले सगळे बाहेरच्या भिंतीवर फेकले जाते. काजळीचा सुटा कण 0.03 ते 0.05 मायक्रॉनइतका सूक्ष्म असतो. तो तंतूंच्या थरातून सहज पार होतो, पण सेंट्रिफ्यूज पुन्हापुन्हा फिरवून त्याचा काही भाग बाजूला काढतो. रोटर उघडल्यावर भिंतीवर काळा, घट्ट थापलेला थर दिसला पाहिजे. तो नसेल तर रोटर फिरतच नाही अशी शंका घ्यावी. इंजिन बंद केल्यावरही थोडा वेळ रोटरची घरघर ऐकू येते, ही सोपी खूण आहे. मात्र दाब कमी पडला की वेग घटतो, त्यामुळे आयडलिंगवर तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या गाडीत त्याचा उपयोग कमी होतो. शिवाय यातून ऑइल केवळ उतारानेच परत जाते, म्हणून भांडे चेंबरमधील ऑइलच्या पातळीपेक्षा वर आणि परतीची नळी रुंद हवी. सगळ्याच गाड्यांत तेवढी जागा मिळत नाही.

माझे मत स्पष्ट आहे. ईजीआरमुळे (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेमुळे) काजळी जास्त होणाऱ्या आणि सलग भाराखाली चालणाऱ्या इंजिनाला, जागा असेल तर, सेंट्रिफ्यूज घ्यावा. एरवी जाड एलिमेंटचा फिल्टर बसवायला सोपा आणि बारीक कणांसाठी अधिक खात्रीचा आहे. त्याआधी गाडीत काय आहे ते पाहावे: व्होल्वोच्या डी13 इंजिनावर दोन फुल-फ्लो फिल्टरसोबत बायपास फिल्टर असतो, तर स्कॅनियाच्या अनेक ट्रक इंजिनांवर सेंट्रिफ्यूज असतो. तिथे आणखी एक जोडण्यात फारसा अर्थ नाही. बाहेरून जोडणी करताना दाबाचा होज कुठेही घासणार नाही हे काटेकोरपणे पाहावे, कारण तो फुटला तर चेंबर काही मिनिटांत रिकामे होऊ शकते. वॉरंटीतील गाडीसाठी उत्पादकाची लेखी संमती घ्यावी.

दोन्हींपैकी कोणताही फिल्टर ऑइलमध्ये मिसळलेले डिझेल काढत नाही आणि आम्ल मारणारी रसायने संपली की ती परत आणत नाही. म्हणून ऑइल बदलण्याचे अंतर केवळ फिल्टर बसवला या भरवशावर वाढवू नये. टीबीएन (आम्ल मारण्याची उरलेली क्षमता), घट्टपणा, काजळी आणि सिलिकॉन यांची प्रयोगशाळेत तपासणी करूनच ते ठरवावे. सिलिकॉन वाढत असेल तर बहुधा धूळ हवेच्या वाटेने आत येत आहे, आणि तो दोष आधी एअर फिल्टर व त्याच्या होजपाशी शोधावा. अहवालात लोखंडाचा आकडा खाली आला तर ती झीज थांबल्याची खूण असेलच असे नाही, कारण झिजलेले कण फिल्टरमध्येही अडकलेले असतात. त्यामुळे बायपास बसवण्यापूर्वीच्या अहवालांशी थेट तुलना न करता, बसवल्यानंतरचे दोन-तीन अहवाल ही नवी आधाररेषा मानावी.