डेअरीच्या ईटीपीवर बीओडी बायोसेन्सर: वर्षभराच्या वापरानंतर

आमच्या डेअरीच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर, बीओडी मोजणारा बायोसेन्सर बसवून वर्ष होत आलं. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन. घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. जरूर घ्या, पण प्लांट चालवण्यासाठी. प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायच्या रिपोर्टसाठी बीओडीची बाटलीच लागते, म्हणजे नमुना बाटलीत 27 अंशांवर तीन दिवस ठेवून केलेली चाचणी. अडचण अशी, की तो आकडा येईपर्यंत पाणी केव्हाच पुढे गेलेलं असतं. सीओडी, म्हणजे तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन, दोन-अडीच तासांत मोजून होतो, पण त्यातलं जंतूंना खाता येईल असं किती, हे त्यातून कळत नाही.

सेन्सरमध्ये ऑक्सिजन इलेक्ट्रोडच्या टोकावर जिवंत यीस्टचा पातळ पडदा असतो. पाण्यातून खाद्य मिळालं की यीस्ट जास्त ऑक्सिजन ओढतं, इलेक्ट्रोडपर्यंत कमी पोचतो आणि करंट उतरतो. जपानमध्ये कारुबे यांनी 1977 मध्ये असा सूक्ष्मजीवांचा सेन्सर मांडला. 1990 पासून तिथे त्याचं अधिकृत मानकही आहे.

खरा उपयोग दिसतो तो पनीरचा घाणा (एका वेळचा माल) सुटल्यावर. पनीरचं पाणी इक्वलायझेशन टँकमध्ये, म्हणजे सगळं सांडपाणी आधी एकत्र येतं त्या टाकीत, उतरलं की स्क्रीनवरची रेघ झरझर खाली येते आणि वीसेक मिनिटांत आकडा मिळतो. ऑपरेटर लगेच एअरेशन टँकला (हवा सोडून जंतूंकडून पाणी साफ करतात ती टाकी) जाणारं पाणी कमी करतो, जादा पाणी होल्डिंग टँककडे वळवतो आणि हवा देणारा दुसरा ब्लोअर लावतो. पूर्वी एअरेशन टँकचा डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) पडून वास सुटला की मगच कळायचं.

आता त्रासाचं. सेन्सरचं कॅलिब्रेशन ग्लुकोज आणि ग्लुटामिक आम्लाच्या प्रमाण द्रावणावर होतं, आणि आमच्या पाण्यात असतं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. ते या यीस्टला तितकंसं मानवत नाही, त्यामुळे आकडा बाटलीपेक्षा सरळ कमी येतो. प्रत्येक सेक्शनच्या पाण्याचे नमुने सेन्सर आणि बाटली दोन्हीकडे लावून, सेन्सरच्या आकड्याला कितीने गुणायचं तो आमचा गुणक आम्ही बसवला, तेव्हा कुठे आकड्यावर भरवसा ठेवता आला. विक्रेत्याने हे आधी सांगायला हवं होतं. तुपाचा अंश पडद्यावर बसला तरी रीडिंग मंदावतं, म्हणून नमुना ग्रीस ट्रॅपनंतरच (तेल-तूप अडवणाऱ्या टाकीनंतर) घ्या. सीआयपीचं, म्हणजे यंत्रं न उघडता आतून धुण्याचं, कॉस्टिक किंवा हायपो (क्लोरीनचं जंतुनाशक) तसंच आत गेलं तर यीस्ट मरतं. बफरने पीएच सातच्या आसपास आणल्याशिवाय नमुना सोडू नका. आणि रेघ अजिबात हलली नाही तर पाणी स्वच्छ आहे असं धरू नका. आधी प्रमाण द्रावण देऊन यीस्ट जिवंत आहे का ते पाहा.

पडदा मागवला की यायला फार वेळ लागतो. एक जादा पडदा कायम फ्रिजमध्ये हवाच.