वेहे ॲप: नेट कोण अडवतंय ते सांगतं, सोडवत नाही

वेहे हे फुकट ॲप आहे. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर मिळतं, आणि ते टाकून तुमचं नेट तसूभरही जोरात पळणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत ज्यांना ज्यांना दाखवलं त्यांचा पहिला प्रश्न तोच होता: मग उपयोग काय? उपयोग एवढाच, की तुमची कंपनी यूट्यूबला एक वागणूक आणि बाकीच्यांना दुसरी देते का, ते मोजून सांगतं. माझी नोकरी एमटीएनएलच्या एक्स्चेंजातली, २०२० ला व्हीआरएस घेतली. फॉल्ट कुठे आहे ते कळल्याशिवाय लाइनला हात लावायचा नाही, ही सवय काही सुटलेली नाही. त्यामुळे ॲप माझ्या पसंतीला उतरलं, तक्रारींसकट.

पाठवलं पुतणीने. ती ओहायोत असते, आणि अमेरिकेतले नेट न्यूट्रॅलिटीचे (म्हणजे नेट कंपनीने सगळ्या साइटना सारखंच वागवायचं) नियम ज्याने मोडीत काढले ते सहाव्या सर्किटचं अपील कोर्ट तिच्याच राज्यात, सिनसिनाटीला आहे. तारीख २ जानेवारी २०२५. हे नियम २०१५ साली आले, डिसेंबर २०१७ मध्ये अजित पै अध्यक्ष असलेल्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, काढले, एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा मंजूर झाले आणि लागू होण्याआधीच कोर्टात अडकले. कोर्टाचं म्हणणं, असे नियम करायचा अधिकार कायद्याने एफसीसीला दिलेलाच नाही. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये स्वतःचा कायदा करून ठेवलाय, ओहायोला तसं काही नाही. "काका, आता आपलं आपणच बघायचं," असं म्हणून तिने लिंक टाकली.

आता हे चालतं कसं, ते सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या डेव्हिड चॉफ्नेस यांच्या गटाने हे बनवलं. ॲप प्रत्यक्षात यूट्यूबकडे जातच नाही. आधी रेकॉर्ड करून ठेवलेली व्हिडिओची देवाणघेवाण ते तुमचा फोन आणि स्वतःचा सर्व्हर यांच्यात पुन्हा करतं. एकदा जशीच्या तशी. दुसऱ्या वेळी तेवढाच डेटा, तोच क्रम, पण आतले बिट उलटे केलेले, म्हणजे मधल्या यंत्राला तो ओळखू येऊ नये. कारण आजकाल सगळं एन्क्रिप्टेड असलं तरी कनेक्शन जोडताना साइटचं नाव बहुतेक वेळा उघडंच जातं, आणि अडवणारी यंत्रं नेमकं तेच वाचतात. आता ओळखू येणारा डेटा हळू आणि उलटा केलेला भरधाव आला, तर कोणीतरी नाव बघून गाडी बाजूला घेतंय. दोन्ही सारखेच रखडले, तर दोष दुसरीकडे.

एक्स्चेंजातले लोक हे पटकन ओळखतील. गणपतीत, दिवाळीत जंक्शन, म्हणजे दोन एक्स्चेंजांना जोडणाऱ्या लाइनी, भरलं की सगळ्यांनाच बिझी टोन. एकाच नंबरला बिझी आणि शेजारच्याला रिंग जात असेल, तर रॅकवर कोणीतरी काहीतरी केलेलं आहे.

पुतणीच्या मोबाइलवर व्हिडिओच्या चाचणीत फरक सापडला. तिने प्लॅनची बारीक अक्षरं काढून वाचली, तर व्हिडिओ ४८० पीवर, म्हणजे कमी स्पष्ट चित्रावर, ठेवू असं तिथे छापलेलंच होतं. तिकडे हे नवं नाही. २०१९ साली याच गटाने दहा लाखांहून जास्त चाचण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्या व्हिडिओचा वेग कापतात, आणि नेटवर्क मोकळं असतानाही कापतात, असं त्यात निघालं. "गर्दी आहे म्हणून नाइलाजाने" हे कारण तिथेच गळून पडलं. ॲपलने सुरुवातीला हे ॲप नाकारलं होतं; त्याची बातमी झाल्यावर मंजूर केलं.

आमच्याकडची कथा निराळी. रात्री जेवणं झाली की सोसायटीत सगळ्यांची सीरियल गोल गोल फिरते. सेक्रेटरींचं ठाम मत की नेटवाला मुद्दाम ओटीटी दाबतो, महागडा प्लॅन खपवायला. दिवसा आणि रात्री, घरच्या वायफायवर आणि मोबाइल डेटावर, मी चाचण्या घेतल्या. रात्री घरच्या लाइनवर वेग पडलेला, पण दोन्ही चाचण्यांत सारखाच पडलेला. म्हणजे भेदभाव नाही, गर्दी. फायबरच्या जीपॉन पद्धतीत एका धाग्यावरचे २.५ जीबीपीएस स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, आणि पुढे नेटवाल्याने वरून किती बँडविड्थ घेतली हा त्याचा आणि त्याच्या देवाचा प्रश्न. सेक्रेटरींना निकाल आवडला नाही. भांडायला नेट न्यूट्रॅलिटी हा विषय वजनदार होता, स्प्लिटर अगदीच किरकोळ निघाला.

तोवर समोरच्या विंगमधल्या एकाने दोन वर्षांचा व्हीपीएन, म्हणजे आपला डेटा झाकून दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेणारी सेवा, घेऊन टाकला होता. व्हीपीएनचा उपयोग आहे, पण पुतणीसारख्या प्रकरणात. नाव बघून अडवत असतील तर नाव झाकलं की सुटका, आणि तिचा व्हिडिओ व्हीपीएनवर खरंच सुधारला. उद्या कंपनीने व्हीपीएनच हळू केला तर, हे मात्र विचारायचं नाही. पण मुळात गर्दी असेल तर व्हीपीएनने ती कमी होत नाही. त्यात आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवायचा आदेश काढला, तेव्हा बऱ्याच परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले. डेटा सेंटरं आमच्या ठाणे-बेलापूर रोडवर, पण या गृहस्थांचा डेटा सिंगापूरला जाऊन परत येतो आणि मग सीरियल लागते. अँड्रॉइडच्या सेटिंगमधलं प्रायव्हेट डीएनएस फुकट आहे, ते जरूर लावा. साइटचा पत्ता विचारतानाची चौकशी झाकली जाते. वर म्हटलेलं उघडं नाव त्याने झाकलं जात नाही.

आता तक्रारी. यादीत अमेरिका-युरोपातल्या सेवांचा भरणा, मराठी घरात रोज लागणारं त्यातलं थोडंच. कधीकधी "नक्की सांगता येत नाही" असा निकाल येतो आणि पुन्हा सगळं करावं लागतं. मराठी नाही. संमतीचं पान असं लिहिलंय की आमच्या हिने दोन ओळी वाचून फोन परत दिला.

सगळ्यात मोठी उणीव वेगळीच. आपण भारतात ज्यावरून भांडलो ते या ॲपला दिसतच नाही. २०१५ मध्ये एअरटेल झिरो आणि फेसबुकचं फ्री बेसिक्स यांचा मुद्दा वेगाचा नव्हता, पैशांचा होता: ठरावीक साइट फुकट, बाकीच्यांना डेटाचे पैसे. लाखो लोकांनी आपल्या दूरसंचार नियामकाला, ट्रायला, ईमेल केले आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने असे वेगवेगळे दर बंद केले. मोडल्यास दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. वेग कापण्याबद्दलची अट परवान्यांत नंतर, २०१८ मध्ये आली. वेहे वेग मोजतं, बिल वाचत नाही. आपल्याकडे नियम शाबूत आहेत म्हणून हे ॲप आत्ता नुसतं पडून राहील. पण नियम उठले तर व्हीपीएनवाला जाहिरात करेल, आणि तुमच्या हातात तारीखवार चाचण्या असतील तर निदान तक्रारीत लिहायला काहीतरी असेल. मी दर महिन्याला घेऊन स्क्रीनशॉट ठेवतो.

वापरणार असाल तर व्हीपीएन आधी बंद करा, नाहीतर कंपनीला काही ओळखूच येणार नाही आणि निकाल कायम निर्दोष येईल. मोबाइल आणि वायफाय वेगवेगळे तपासा. चाचण्यांना डेटा लागतो, तेव्हा रोजचा कोटा संपत आल्यावर सुरू करू नका. पाचपैकी साडेतीन. मराठी आणि आपल्या इकडच्या सेवा आल्या की अर्धा वाढवेन.