आठ महिने, नऊ ट्रेक: ग्रुपबरोबर वन-डे ट्रेक करून काय वाटलं

जूनपासून आत्तापर्यंत एकाच ग्रुपबरोबर नऊ वन-डे ट्रेक झालेत त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. पहिल्यानंतर लगेच लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते, धुकं आणि गरम भजी असल्यावर कोण कमी देतंय! मी ४३ ची, पुण्यात राहते, मैत्रिणींना कधीच वेळ नसतो आणि नवऱ्याला रविवारची झोप प्यारी, म्हणून ग्रुप. नाव मुद्दाम देत नाही.

खरे पैसे वसूल झाले ते अंधारबनला. ताम्हिणीजवळ पिंपरीला सुरू करायचं आणि खाली कोकणात भिऱ्याला उतरायचं, साधारण १३ किमी. म्हणजे स्वतःची गाडी नेली तर ती वरच राहणार आणि तुम्ही खाली भिरा धरणापाशी चिखलाने माखलेले उभे. इथे बस घाट उतरून खाली येऊन थांबलेली असते, हे एकच कारण पुरे आहे. आणि लोक समजतात उताराचा ट्रेक म्हणजे सोपा, तर तसं अजिबात नाही, जंगल संपून हिरडी गाव गेलं की पुढचा उतार गुडघ्यांची परीक्षा घेतो, दुसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना मी आडवी होऊन उतरत होते. जुलैत ओढे भरलेले होते, एका ओढ्याला लीडरने पाण्यात उतरून स्वतः अंदाज घेतला, मग दोर लावला आणि एकेकाला पलीकडे घेतलं, दोन पोरं मधेच सेल्फी काढायला थांबली तर त्यांना सगळ्यांसमोर झापलं. मला तो माणूस तिथेच आवडला.

पण हाच लीडर दर वेळी मिळत नाही, आणि माझी मुख्य तक्रार हीच. बुकिंग करताना ठिकाण कळतं, फी कळते, नाश्त्याला पोहे की उपमा हेही कळतं, सोबत कोण येणार ते मात्र पहाटे साडेपाचला बसमध्ये. राजमाचीला जो मुलगा होता तो सगळ्यात पुढे सुसाट, शेवटी चालणारा दुसरा लीडर फोनवर, आणि मधल्या मधे आम्ही चौघी वाट चुकून अर्धा तास कारवीच्या झुडपांत. बॅच किती जणांची तर ५२! आता मी आधी फोन करून तीनच गोष्टी विचारते, लीडर कोण, बॅच केवढी, आणि शेवटच्या माणसाबरोबर कोण चालणार. नीट उत्तर नाही मिळालं तर पैसे भरत नाही.

कळसूबाईला नवरात्रात जाऊ नका म्हणजे ट्रेक म्हणून जाऊ नका. वर देवीचं मंदिर आहे, आसपासच्या गावांतली माणसं दर्शनाला येतात, नऊवारीतल्या आज्या अनवाणी सरसर शिड्या चढतात आणि आपण १६४६ मीटरचं महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर सर करायला काठ्या, नीकॅप वगैरे घेऊन त्यांच्या रांगेत अडथळा बनून उभे. मला तरी ते बघायला जाम आवडलं, पण ग्रुपने ही गर्दी आधी सांगायला हवी होती.

हरिश्चंद्रगड पाचनईच्या वाटेने केला, नोव्हेंबरात, आठांतला... नाही, नऊतला सगळ्यात सुंदर दिवस. कोकणकड्यावर पालथं पडून खाली बघितलं तेव्हा पोटात गोळा आला. फक्त केदारेश्वराच्या गुहेत लीडरने ते चार खांब म्हणजे चार युगं, उरलेला एक पडला की कलियुग संपणार, एवढंच सांगितलं आणि फोटोसाठी रांग लावली. चांगदेवांनी याच गडावर तप केलं, त्यांचा तत्त्वसार ग्रंथ इथलाच, शिलालेख आहेत, त्याचा उल्लेखही नाही. अहो दहा मिनिटं तरी द्या की.

बायकांसाठी एक गोष्ट कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते, टॉयलेट. नाश्त्याच्या ठिकाणी असतं, बरं असेलच असं नाही, त्यानंतर थेट पायथ्याच्या गावात जेवायला थांबतो तिथे. मधे झाडी. बाई लीडर असली तर ती न सांगता बाकीच्यांना पुढे पाठवते, पुरुष लीडरला स्पष्ट सांगावं लागतं, तर सांगा, लाजून पाणी कमी पिऊ नका, मी तोरण्याला तेच केलं आणि बुधला माचीपर्यंत जायच्या आधीच डोकं इतकं दुखायला लागलं की मेंगाई देवीच्या देवळापाशीच बसून राहिले.

फी हजार-बाराशेच्या आसपास पडते, गावातल्या मावशींच्या हातचं पिठलं-भाकरी धरून. पावसात बंदीचा आदेश आला तर ट्रेक रद्द होतो, मला एकदा पैसे परत न देता पुढची तारीख दिली, ते खटकलं, पण पाऊस बघता रद्द केला ते बरोबरच होतं.

पुढच्या महिन्यात हरिहर बुक केलाय, मुद्दाम बुधवारचा, त्या उभ्या पायऱ्यांवर रविवारची गर्दी मला झेपणार नाही. बॅच १८ जणांची आहे आणि लीडर अंधारबनचाच, विचारून घेतलंय. नवरा म्हणतो मीही येतो, बघू, पहाटे चारचा गजर वाजल्यावर कळेल.