टूलचे १,२०० घेतले आणि सील हातोडीने ठोकलं

एप्रिलमध्ये धुळ्याहून अमळनेरला येताना माझ्या डिझेल गाडीखाली ऑइलचे थेंब दिसले. हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने बघून सांगितलं, क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, पुढचं ऑइल सील (ऑइल बाहेर येऊ न देणारी रबरी रिंग) गेलंय. "फार टाइट बसतं भाऊ, स्पेशल टूलनेच दाबावं लागतं. त्याचे १,२०० वेगळे."

मला पटलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. सील चारही बाजूंनी सारखा दाब देऊन सरळ आत जावं लागतं. सीलच्या आतल्या रबरी कडेला, म्हणजे ओठाला, आधी ऑइल लावायचं आणि ओठामागची बारीक स्प्रिंग ऑइलच्या बाजूला ठेवायची. एका बाजूने ठोकलं की सील तिरकं बसतं, नाहीतर स्प्रिंग निसटते.

"ऊन फार आहे, समोर रसवंतीत बसा," म्हणाला. मी बसलो. हातोडीची ठकठक ऐकू येत होती, तरी उठून गेलो नाही, याचं अजून वाईट वाटतं. सील, टूल, मजुरी मिळून ४,३५० रुपये दिले. बिल म्हणून वहीचं फाडलेलं पान मिळालं, त्यावर गॅरेजचं नावसुद्धा नाही. जुनं सील मागितलं तर म्हणे, कचऱ्यात गेलं.

अठरा दिवसांत पुन्हा थेंब. आमच्या गावातल्या जुन्या मेकॅनिकने कव्हर उघडलं तर टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ ठेवणारा दातेरी पट्टा, ऑइलने चिंब. "भाऊ, हाई सील ठोकीसन बसाडेल शे," तो म्हणाला. सीलच्या कडेवर स्क्रू ड्रायव्हरचे तीन खड्डे होते. ऑइल प्यालेला बेल्ट फुगतो, दात सोडतो. चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनचं हेड उतरवावं लागतं. माझ्या गाडीत त्या दिवशी आई होती.

त्याचं टूल म्हणजे सीलच्या मापाचा, लेथवर तोंड सरळ करून घेतलेला पाइपचा तुकडा. त्यावर जाड वॉशर ठेवून क्रँकच्याच बोल्टने हळूहळू आवळत त्याने नवं सील बसवलं. हातोडीला हात लावला नाही. बेल्टही बदलावा लागला.

पहिल्या गॅरेजवर परत गेलो. "आमचंच काम कशावरून? बिल दाखवा." वहीचं पान दाखवलं, तो हसला. पक्कं बिल हातात असतं तर त्याच दिवशी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली असती.

तुमच्याकडे कुणी स्पेशल टूलचे पैसे सांगितले, तर काम सुरू व्हायच्या आधी ते टूल हातात घेऊन बघा आणि सील बसेपर्यंत शेजारी उभे राहा. ते खड्डे पडलेलं सील मी जपून ठेवलंय. अमळनेरात कुणाला बघायचं असेल तर दाखवतो.