लिनक्सवर झेरॉक्सचं दुकान : दहा महिने झाले, प्रिंटिंग सर्व्हिस बंद पडली त्या सकाळसकट

आमचं दुकान देवगडात. झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, आणि एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्यांची बिलं नि लेबलं. इथे 'कॉम्प्युटर चालतो का' असं कोणी विचारत नाही, 'प्रिंट येते काय' एवढंच विचारतात. तेव्हा हा अनुभवही तेवढ्यापुरताच. गेम, व्हिडिओ, दिसायला कसं आहे वगैरे मी बघितलेलं नाही.

२०२४ च्या दिवाळीनंतर दुकानातल्या मुख्य मशीनवर विंडोज काढून लिनक्स मिंट २२ ही सिस्टिम टाकली. कारण साधं. मशीन जुनं, विंडोज ११ त्याला घ्यायला तयार नाही, आणि विंडोज १० ची मोफत अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीच जाहीर झालेलं. लोकांची आधार कार्डं, बँकेची पासबुकं ज्या मशीनवर उघडतो ते अपडेटशिवाय चालवायचं मनाला पटेना. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स सिस्टिमवर उभं आहे आणि त्याला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. फुकट आहे हेही खरं, उगाच तत्त्वाचा आव आणत नाही.

लिनक्सवर छपाईचं सगळं काम 'कप्स' नावाची सर्व्हिस बघते. तुम्ही प्रिंट दिली की कागद आधी तिच्याकडे जातो, ती रांगेत लावते, प्रिंटरला कळेल अशा भाषेत फिरवते आणि पुढे ढकलते. आमच्याकडे दोन लेझर आहेत. एक अलीकडचा, तो यूएसबी लावल्याबरोबर कसलाही ड्रायव्हर न मागता ओळखला गेला. दुसरा दहा वर्षांचा, आणि त्याची सगळी रामकहाणी आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, ज्यांच्याकडे आहे त्यांना वर्णनावरून कळेलच. या प्रिंटरच्या पोटात स्वतःची अक्कल नाही. दर वेळी चालू केला की कॉम्प्युटरने त्याला फर्मवेअर, म्हणजे त्याचा स्वतःचा आतला प्रोग्राम, पाजावं लागतं, आणि ते पाजणारा प्लगइन (जोड-प्रोग्राम) कंपनीचा, वेगळा उतरवून घ्यायचा. जानेवारीत अपडेटमध्ये ड्रायव्हरचं पॅकेज पुढे गेलं, प्लगइन मागच्याच आवृत्तीचा राहिला, आणि प्रिंटर मुका झाला. दिवा हिरवा, रांगेत काम, कागद हलत नाही. दोन तास मी कप्सला शिव्या घातल्या. तिची काही चूक नव्हती. प्लगइन नवीन टाकला, पाच मिनिटांत चालू.

तेव्हापासून एक सवय लागली. प्रिंट आली नाही की आधी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'एलपीस्टॅट -टी'. (इथे सगळं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.) पहिल्याच ओळीत उत्तर येतं : शेड्युलर चालू आहे की नाही. शेड्युलर म्हणजे हीच कप्स. चालू असेल तर खाली बघायचं, प्रिंटर 'डिसेबल्ड' आहे का, कामं तुंबलीत का. विंडोजवर मी वर्षानुवर्षं 'बंद करून परत चालू कर' एवढ्या एकाच औषधावर दुकान चालवलं. इथे ते औषध लागू पडतं, पण निम्म्या वेळा चुकीच्या रोगाला.

एक उदाहरण. आमच्याकडे लाईट जाते म्हणजे कशी जाते ते कोकणातल्यांना सांगायला नको. झपकन जाते, तीन सेकंदांत येते, परत जाते. कॉम्प्युटर यूपीएसवर, पण लेझर प्रिंटर यूपीएसवर लावत नाहीत, तो गरम होताना एवढा करंट खेचतो की यूपीएस बोंबलतो. म्हणजे प्रिंट चालू असताना प्रिंटर मरतो आणि कॉम्प्युटर जिवंत राहतो. माझ्या जुन्या प्रिंटरला 'स्टॉप प्रिंटर' हे धोरण लागलेलं होतं. एक काम फसलं की कप्स त्या प्रिंटरची रांगच थांबवते आणि कोणीतरी येऊन उठवेपर्यंत थांबलेलीच राहते. सर्व्हिस ठणठणीत, केबल ठीक, आणि प्रिंट नाही. 'कप्सएनेबल' आणि पुढे प्रिंटरचं नाव दिलं की रांग सुटते. दिवसातून चार वेळा ते करून कंटाळलो, मग धोरण बदलून 'रिट्राय जॉब' केलं. आता फसलेलं काम ती स्वतःच थोड्या वेळाने परत पाठवते. या एका बदलाने माझा निम्मा वैताग गेला.

हे बदल ब्राउझरमधून करता येतात, पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट:६३१' टाकायचं. नाव-पासवर्ड विचारला आणि बरोबर पासवर्ड देऊनही आत घेत नसेल तर तुमचा युजर 'एलपीॲडमिन' या गटात आहे का ते बघा. मला हे कळायला एक अख्खी संध्याकाळ लागली.

आता ती सकाळ.

२०२५ ला पाऊस २५ मेलाच येऊन बसला, आंबा झाडावर असताना. जूनच्या मध्यावर सोसायटीच्या पीककर्जासाठी सातबारा काढायला माणसांची रीघ. त्याच्या आदल्या संध्याकाळी मला सुचलं की बायको बसते त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरूनही याच प्रिंटरवर प्रिंट यावी. कप्सची सेटिंगची फाईल, 'कप्सडी डॉट कॉन्फ', थेट उघडली. 'लिसन लोकलहोस्ट' च्या जागी 'पोर्ट ६३१' केलं, म्हणजे तिने बाहेरच्या मशीनचंही ऐकावं, खाली 'लोकेशन' च्या कप्प्यात एक परवानगीची ओळ घातली. तेवढ्यात लाईट गेली, यूपीएस किंचाळायला लागला, घाईत फाईल सेव्ह केली, मशीन बंद केलं आणि शटर ओढलं.

सकाळी साडेनऊला मशीन चालू. पहिली प्रिंट नाही. दुसरी नाही. प्रिंटर्सची खिडकी उघडली तर आत दोन्ही प्रिंटर गायब, नुसता एक निरोप : प्रिंटिंग सर्व्हिस उपलब्ध नाही, या कॉम्प्युटरवर ती सुरू करा. सुरू करायचं बटणही तिथेच होतं. दाबलं. काही नाही. परत दाबलं. दुकानात सातजण, छत्र्यांचं पाणी फरशीवर, आणि मी केबल काढून घालतोय. मशीन दोनदा रिस्टार्ट केलं. दुसरी यूएसबी केबल लावली. प्रिंटरच दिसत नाही म्हटल्यावर केबलचा काय संबंध, पण हात ऐकत नाहीत.

काउंटरला टेकून एक आजी उभी होती. पडेलकडची असावी. म्हणाली, "काय रे बाबू, मशीन बिघाडली? माका पावणेबाराची एस्टी गावाक व्हयी."

मी म्हटलं, "आज्ये, काल बरी होती, आज काय झालं कळत नाही."

"काल बरी होती मा? मगे राती तिका काय केलंस?"

मी जागच्या जागी थांबलो. फाईल आठवली.

टर्मिनलमध्ये 'सिस्टिमसीटीएल स्टेटस कप्स'. लाल अक्षरांत 'फेल्ड', आणि खाली तक्रार की सुरू करायचा प्रयत्न फार वेळा, फार भराभर झाला. म्हणजे सर्व्हिस उठत होती, काहीतरी बघत होती आणि मरत होती. चार-पाच वेळा असं झालं की सिस्टिम तिचा नाद सोडते, म्हणून माझ्या त्या बटणाचा उपयोग नव्हता. मग 'सुडो कप्सडी -टी'. ही आज्ञा सर्व्हिस सुरू करत नाही, फक्त सेटिंगची फाईल वाचून शुद्धलेखन तपासते. तिने फाईलचं नाव आणि ओळीचा आकडा दिला. तिथे जाऊन बघितलं तर घाईत मी 'लोकेशन' चा कप्पा बंद करणारी ओळच उडवलेली. कप्पा उघडला, बंद केलाच नाही. सेटिंगच्या फाईलमध्ये अशी चूक दिसली की कप्स सुरूच व्हायला नकार देते. ओळ टाकली, 'कप्सडी -टी' ने ठीक म्हटलं, 'सिस्टिमसीटीएल रिस्टार्ट कप्स', आणि खिडकीत दोन्ही प्रिंटर परत. रात्री अडकलेली कामंसुद्धा आपोआप बाहेर पडायला लागली.

आजीला सातबारा अकराला मिळाला. प्रिंटचे पैसे घेतले नाहीत, पण ती डिजिटल सहीवाल्या उताऱ्याची शासनाची १५ रुपये फी मोजून ठेवून गेली.

गंमत म्हणजे दुसऱ्या मशीनसाठी फाईलला हात लावायची गरजच नव्हती. 'कप्ससीटीएल --शेअर-प्रिंटर्स' ही एक ओळ तेच सगळे बदल स्वतः, कप्पे नीट बंद करून करते. आता तीच वापरतो. आणि फाईलची एक प्रत बाजूला ठेवल्याशिवाय हात लावत नाही.

यातच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण मी तिच्यामुळे आधी एकदा उगाच घाबरलो होतो. स्टेटसमध्ये 'इनॲक्टिव्ह' दिसलं तर सर्व्हिस मेली असं नाही. प्रिंटर शेअर केलेला नसेल आणि बराच वेळ काम आलं नाही तर कप्स झोपू शकते, तिच्या दाराशी 'सॉकेट' नावाचा पहारेकरी जागा असतो, काम आलं की तो तिला उठवतो. घाबरायचं ते 'फेल्ड' ला.

दुसरी एक वेळ मेच्या पहिल्या आठवड्यात, आंब्याचा हंगाम भर जोरात. प्रिंट दिली की काम रांगेत क्षणभर दिसायचं आणि नाहीसं व्हायचं. सर्व्हिस चालू, प्रिंटर चालू. शेवटी 'डीएफ -एच' केलं तर मुख्य डिस्क १०० टक्के भरलेली. बॅकअपसाठी टाइमशिफ्ट हा प्रोग्राम लावलेला, त्याच्या प्रती मी त्याच छोट्या डिस्कवर ठेवत होतो, आणि किती प्रती ठेवायच्या तो आकडा हावरटासारखा वाढवलेला. कप्सला काम ठेवायला 'व्हार' मधल्या 'स्पूल' फोल्डरात जागाच नव्हती. जुन्या प्रती पुसल्या, बॅकअप बाहेरच्या डिस्कवर नेला. दोष कोणाचा ते वेगळं सांगत नाही.

त्या 'स्पूल' फोल्डरावरून आणखी एक. छापून झालेल्या कामाची फाईल कप्स लगेच टाकून देत नाही, मूळ सेटिंगप्रमाणे एक दिवस ठेवते, परत छापायची सोय म्हणून. घरात ठीक आहे. आमच्यासारख्या दुकानात त्याचा अर्थ असा की गावातल्या निम्म्या लोकांची आधार कार्डं दिवसभर डिस्कवर पडून. 'प्रिझर्व्हजॉबफाईल्स' ला 'नो' केलं. झेरॉक्सवाल्यांनी हे पहिल्या दिवशीच करावं असं माझं स्पष्ट मत आहे. तसंच 'कप्स-ब्राउझ्ड' म्हणून एक जोडसर्व्हिस असते, नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारी. सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्यात सुरक्षेचं मोठं भगदाड सापडल्याचं जाहीर झालं होतं. दुरुस्ती आली, पण माझे दोन्ही प्रिंटर यूएसबीवर, मला तिची गरज नाही, म्हणून बंदच ठेवली आहे.

गणपतीला मुंबईहून भाचा आला, सोबत महागडा ॲपलचा लॅपटॉप. "मामा, अजून टर्मिनलमध्ये खेळतोस?" म्हणाला. त्याला सांगितलं की तुझ्या मशीनच्या पोटात हीच कप्स आहे. १९९९ मध्ये ती लोकांसमोर आली, २००२ मध्ये ॲपलने आपल्या सिस्टिममध्ये घेतली, २००७ मध्ये विकतच घेतली. पुढे मूळ लेखक मायकेल स्वीट तिथून बाहेर पडले, आणि आज लिनक्सवर जी येते ती ओपनप्रिंटिंग या गटाने चालवलेली शाखा. त्याला पटेना. त्याच्याच मशीनवर 'एलपीस्टॅट -टी' चालवून दाखवलं तेव्हा गप्प झाला, आणि आरत्यांची पानं छापून द्यायला बसला.

तक्रारी आहेतच. गिऱ्हाईक विंडोजवरच्या मंगल फॉन्टमधली फाईल आणतं, इथे तो फॉन्ट नाही, दुसरा लागतो आणि एका पानाचा अर्ज सव्वा पानावर जातो. आता बोर्ड लावलाय, 'पीडीएफ आणा'. जुन्या देवनागरी फॉन्टमधल्या लग्नपत्रिका तर उघडायच्याच नाहीत. पावसात अडकणारा कागद हा लिनक्सचा दोष नाही, पण नवशिक्याला तसं वाटू शकतं. दमट कागद लेझरमध्ये वळतो आणि अडकतो, कप्सला नुसतं काम फसलेलं दिसतं. कागदाच्या कपाटात झिरोचा बल्ब रात्रंदिवस चालू ठेवतो, जुलै-ऑगस्ट त्यावर निघतात.

कोणी विचारलं की टाकू का, तर मी आधी प्रिंटर कुठला ते विचारतो. अलीकडचा, ड्रायव्हरशिवाय चालणारा असेल तर खुशाल टाका. दहा वर्षांपूर्वीचा स्वस्त लेझर एकटाच असेल तर मिंट पेनड्राइव्हवरून, न बसवता चालवा आणि आधी एक पान छापून बघा. आलं तर पुढचं बोला.

आंब्याच्या पेट्यांची लेबलं छापणारा थर्मल प्रिंटर मात्र मला अजून जमलेला नाही. कागदाचं माप धरत नाही, तिसऱ्या-चौथ्या लेबलापासून 'देवगड हापूस' मधला 'हापूस' खालच्या लेबलावर उतरतो. त्याच्यासाठी जुनं विंडोजचं मशीन इंटरनेट काढून कोपऱ्यात ठेवलंय, वर प्लॅस्टिक घालून. मार्चमध्ये मोहोर बघून परत एकदा बसेन त्याच्यासमोर.